पोटमाळ्याचं माप

तीस वर्षं मी लोकांच्या जागा मोजल्या. पर्समध्ये मेजरटेप, हातात पॅड, आणि दारात उभं राहिलं की चपला काढायच्या की नाही हा रोजचा पेच. मालमत्ता कराच्या खात्यात मी निरीक्षक होते. म्हणजे घर, गाळा, गोदाम, जे काय चार भिंतींत असेल त्याची लांबी-रुंदी घ्यायची, जागा राहायला वापरतात की धंद्याला ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. त्या सहीवर कर बसतो. लोकांना वाटतं कर कुठून तरी वरून येतो. वरून कसला येतोय! माझ्यासारखी कुणीतरी घामाघूम बाई दोन जिने चढून जाते, टेपचं एक टोक घरातल्याच माणसाच्या हातात देते आणि म्हणते, "जरा भिंतीला धरा हो." तिथून येतो.

हे आता सांगत बसलेय कारण माझ्या कपाटात एक कागद आहे. तो माझा नाही. ज्या बाईचा आहे तिनेच तो मला सांभाळायला दिलाय, आणि तो कसला कागद आहे हे मी तिला दोनदा सांगूनही तिला पटलेलं नाही.

ती बाई म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीतली मावशी. सख्खी नव्हे. आमच्या समोरच्या खोलीत राहायची, मालवणकडची, आणि खानावळ चालवायची. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने माणसं जेवून जायची. माझे वडील आणि मावशीचा नवरा एकाच गिरणीत होते, चाळीच्या मागच्या भिंतीपलीकडे. गिरणी बंद पडली, वडील घरी बसले, मावशीचा नवरा खचला तो उठलाच नाही. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिने शेगडी काही विझवली नाही. गिरणीवाले गेले तर वॉचमन आले, चिंचपोकळीच्या वर्कशॉपमधले कारागीर आले, नंतर नंतर ऑफिसात जाणारी एकटी पोरं. डबे कमी झाले, पण सकाळी आठला तिच्या दारातून फोडणीचा वास आला नाही असा दिवस मला आठवत नाही.

आमच्या घरात आम्ही सहा जणं. अभ्यासाला जागा म्हणाल तर जिना. मावशीने तांदूळ आणि कोकमं ठेवायला खोलीत एक पोटमाळा घालून घेतला होता. तिथे उभं राहता यायचं नाही, बसलं तरी मान वाकडी. मी खात्याच्या परीक्षेचा सगळा अभ्यास तिथे केला, तांदळाच्या पोत्याला टेकून, एका पिवळ्या बल्बखाली. जरा आवाज थांबला की मावशी खालून लाटण्याने फळी ठोकायची. "झोपलंस काय गो?" मी म्हणायची, "नाही गं, पाठ करतेय." निकाल लागला तेव्हा तिने सगळ्या चाळीला खाजं वाटलं. "आमचा चेडू सायब झाला" म्हणत फिरली. माझ्या आईला बोलायची संधीच मिळाली नाही.

लग्न झाल्यावर मी अँटॉप हिलला राहायला गेले, पण नोकरीची शेवटची काही वर्षं मला नेमका लालबाग-परळचा भाग मिळाला. दुपारचं जेवण मावशीकडे. पैसे दिले तर शिव्या खायच्या, म्हणून मी अधूनमधून तेलाचा डबा नेऊन ठेवायची.

अशात आमच्या कचेरीत एक नवे साहेब आले. तरुण होते, माझ्या मुलापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी बुके घेतला नाही, चहा सांगितला नाही, सगळ्यांना उभ्या उभ्याच बोलावलं आणि विचारलं, "आपल्याकडे कर कोण भरतं?" उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "ज्याला टाळता येत नाही तो." मग म्हणाले, सगळं पुन्हा मोजायचं. लहान, मोठं, ओळखीचं, बिनओळखीचं. जे आहे ते लिहायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. मोठ्यांकडून रीतसर आलं तर लहानांच्या मागे लागावंच लागणार नाही.

मी कितीतरी साहेब पाहिले होते. एकाने खुर्चीची दिशा बदलली, दुसऱ्याने वास्तुदोष काढून मुतारी हलवली. पण हा माणूस बोलला आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या वयात! घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, या वेळी काहीतरी होणार बघा." नवरा म्हणाला, "सरकारी काम आणि सहा महिने थांब." मी त्याच्यावर चिडले. तो बिचारा चुकला. सहा महिने फारच कमी सांगितले त्याने.

माझ्या वाट्याला आली आमचीच चाळ, आणि भिंतीपलीकडे, जिथे वडिलांची गिरणी होती तिथे उभा राहिलेला टॉवर.

आधी चाळ घेतली. चाळ कधीच भाडेकरूंच्या सोसायटीची झाली होती, आणि राहत्या लहान घरांना करमाफी मिळाली होती, त्यामुळे कराची भीती कुणालाच नव्हती. आमच्याकडे 'मोजणी' या शब्दाला एकच अर्थ: पुनर्विकास. गेली कितीतरी वर्षं कुठला ना कुठला बिल्डर माणूस पाठवायचा, तो टेप लावायचा, चाळभर पेढे फिरायचे आणि मग तो माणूस पुन्हा दिसायचा नाही. त्यामुळे मी टेप काढली मात्र, सगळ्यांनी आपापली घरं वाढवायला घेतली. एकाने नळासमोरची मोकळी जागा आपली म्हणून दाखवली. एकाने खिडकीबाहेरची पत्र्याची छपरी धरली, तुळशीच्या कुंड्यांसकट. तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, "भिंतीची जाडी पण आमचीच ना? मग ती पण घे की!"

मी म्हटलं, "काका, हे कराचं आहे. बिल्डरचं नाही."

काकांनी डोळा मारला. "हो हो, कळलं. तुला तोंडाने तसंच सांगायला लागतं."

किती जणांना सांगितलं! एकानेही विश्वास ठेवला नाही. आमची पोरगी अधिकारी, ती मोजायला आली म्हणजे आतली बातमी असणारच, असं सगळ्यांनी धरलं. मी हसले, राहती जागा म्हणून बरोबर माप लिहिलं आणि पुढे गेले. माफीच होती, कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मावशीकडे मात्र बिघडण्यासारखं होतं. धंद्याच्या जागेला माफी नव्हती. आजवरच्या प्रत्येक निरीक्षकाने तिच्यापुढे 'राहती जागा' असंच लिहिलं होतं. बाई राहते, झोपते, आणि दहा-पंधरा डबे करते. माणूस बघून तेवढं सोडता येतं. मीही तेच लिहायला पेन टेकवलं.

"काय लिवतंस?" मावशीने विचारलं.

"राहती जागा."

"खानावळ लिव."

"मावशी, अगं कशाला?"

"कित्याक म्हणजे? इतकी वर्सां भाकऱ्यो बडवलंय ता काय खोटा? गाळेवाल्यांका उद्या खाली गाळो गावतलो. माका कित्याक नको?"

तिचा हिशोब साधा होता. पुनर्विकासात दुकानवाल्याला दुकान मिळतं. कागदावर खानावळ लागली की तिला वर घर आणि खाली गाळा. म्हातारपणी रस्त्यावर दार उघडणारी खानावळ, बाहेर बोर्ड. त्या बोर्डाचा रंगसुद्धा तिने ठरवला होता, हिरवा. दारात आठ-दहा बायका जमल्या होत्या आणि सगळ्या माना हलवत होत्या.

"कर लागेल गं," मी म्हटलं.

"लागांदे. भरतलंय मी. आणि पोटमाळो विसरां नको. थय बसान तू सायब झालंस."

आता इथे मला खरं सांगायचंय. 'कर लागेल' एवढंच मी म्हणाले. किती लागेल ते सांगितलं नाही. तो साधारण आकडा मला तोंडपाठ होता. मागच्या वर्षांचाही धरून लागतो हे ठाऊक होतं. बायकांना बाहेर काढून, दार लोटून, तिला हाताला धरून सांगायला दहा मिनिटं लागली असती. पण दुपारचे दोन वाजत आले होते, अजून अख्खा एक मजला बाकी होता. आणि दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. मला वाटत होतं, साहेब म्हणतात तसं एकदा तरी करून दाखवावं. स्वतःच्या माणसाचंसुद्धा जे आहे ते लिहिणारी निरीक्षक! स्वतःवरच खूश होते मी.

शिडीवरून पोटमाळ्यावर चढले. खालून टेपचं टोक मावशीने धरलं होतं. तुळईवर मी लिहिलेली पेन्सिलीची अक्षरं अजून तशीच होती, कलमांचे नंबर. एवढ्या कमी उंचीचा माळा मापात नाही धरला तरी कुणी विचारलं नसतं. मी धरला. रकान्यात लिहिलं: खानावळ, साठवणीच्या माळ्यासह. सही केली. मावशीने मला माशाची आमटी वाढली आणि म्हणाली, "आज पोटभर जेव."

मग टॉवर. तिथे अकरा दिवस गेले. पहिल्या दिवशी गेटवरच्या गार्डने माझा फोटो काढला, वहीत नाव लिहून घेतलं आणि मला सामानाच्या लिफ्टने जायला सांगितलं. मी ओळखपत्र दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, सगळे कामवाले तिकडूनच जातात." चाळीत माणसं छाती फुगवून उभी होती, इथे सगळ्यांनी श्वास रोखून पोट आत घेतलेलं. जो मजला कागदावर गाड्यांचा होता तिथे लग्नाचा हॉल निघाला, झुंबरांसकट. जिथे मोकळी गच्ची दाखवली होती तिथे काचेचं बंद जिम. मॅनेजर माझ्यामागे फिरत होता आणि म्हणत होता, "हे तात्पुरतं आहे." मी संगमरवरावर हात ठेवून विचारलं, "हे पण?" सगळं लिहिलं, फोटो लावले. साहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं एक नीट वसूल झालं तर तुमच्या गल्लीची गटारं, शाळा, दवाखाना, सगळं निघेल यात." त्या दिवशी मी परळहून वडाळ्यापर्यंत चालत गेले, नुसत्या आनंदाने.

तीन आठवड्यांत साहेबांची बदली झाली. कुठेतरी लांब, कसल्याशा महामंडळावर. निरोप समारंभसुद्धा झाला नाही. टॉवरच्या वकिलाने तोवर कोर्टातून स्थगिती आणली होती. फाइल एका लोखंडी कपाटात गेली.

पण चाळीची फाइल? तिला कोण अडवणार! तिला वकील नव्हता, स्थगिती नव्हती, आणि ती माझ्या हातची होती, एकही चूक नसलेली. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतली आणि नोटीस छापून बाहेर काढली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की संन्याशाचं माप मीच घेऊन दिलं होतं.

मी त्या दिवसांत टॉवरच्या कागदांसाठी रोज खात्याच्या वकिलांच्या पायऱ्या चढत होते. महिना-दीड महिना मावशीकडे जाणं झालं नाही. गेले तेव्हा ती दारातच हसत उभी. "ये ये, तुका गंमत दाखवतंय." देव्हाऱ्यात, गणपतीच्या तसबिरीला टेकवून, एक चकचकीत कागद उभा होता. हळद-कुंकू लावलेलं. चिंचपोकळी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तिने तो लॅमिनेट करून आणला होता.

"सरकारी कागद आसा. फाटात म्हणान प्लास्टिकात घातलंय," ती म्हणाली. "बघ, खानावळ लिवलेला आसा. मापय आसा."

ती करआकारणीची नोटीस होती.

मावशीला आकडे वाचता येतात, अक्षरं जेमतेम. वर ठळक तिचं नाव, खाली 'खानावळ', पुढे चौरस फूट. तिला एवढंच पाहिजे होतं. आणखी खाली बारीक अक्षरांत कर, मागील वर्षांसह, आणि त्याखाली हरकत घ्यायची मुदत. ती चार दिवसांपूर्वी संपली होती. ते चार दिवस मला आजही रोज मोजता येतात.

त्या कागदापुढे चाळीने गाऱ्हाणंसुद्धा घातलं होतं. आमच्या मालवणी घरांत काही मोठं असलं की देवापुढे नारळ ठेवून एकाने मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तळमजल्यावरच्या काकांनी म्हटलं होतं, मावशीने मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बायेच्या जागेचा माप आज कागदार इला हा. ता बिल्डराच्या डोळ्यात येवांदे. घराक घर आणि गाळ्याक गाळो गावांदे!" आणि अख्खी चाळ ओरडली होती, व्हय म्हाराजा.

मी खाली बसले. तिला सगळं सांगितलं. कर म्हणजे किती ते या वेळी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कागदाकडे. म्हणाली, "तुझी सही आसा ना तेच्यार? मगे वायट कसा असात?"

मी तिच्याकडून तो कागद मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन कचेरीत हरकतीचा अर्ज द्यायला गेले. माझ्याच कचेरीत, माझ्याच बाजूच्या टेबलावर. आवक-जावकच्या क्लार्कने कागद उलटा-सुलटा केला. "मॅडम, तुम्हाला माहितीय. मूळ नोटिशीवर शिक्का लागतो. हा लॅमिनेट केलाय. शिक्का कुठे मारू, प्लास्टिकवर?"

मारूनही दाखवला त्याने. बोट लावल्याबरोबर पुसला गेला. घरी जाऊन मी कडेला इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला तर एका कोपऱ्याची शाईच उचलून आली. तिथेच हात थांबवला आणि कागद मावशीला परत नेऊन दिला.

नवीन साहेब आले होते ते माझ्याच वयाचे. खुर्चीवर टॉवेल, टेबलावर गोळ्यांचा डबा. वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "मुदत गेली. आता एकच रस्ता. तुम्ही लिहून द्या की तुमचा रिपोर्ट चुकीचा होता."

"चुकीचा नव्हता, साहेब."

"मग बाई कर भरेल."

"आणि टॉवर?"

ते हसले, पण हसण्यात काही जोर नव्हता. "मला महिन्याच्या शेवटी वर आकडा द्यायचा असतो. टॉवरचा वकील माझ्या आधी कोर्टात पोचतो. जिथून येतं तिथून घ्यायचं. तुम्ही लिहून दिलंत तर तुमची चौकशी लागेल. रिटायरमेंटला किती राहिले?"

"पंधरा महिने."

"मग कशाला?" ते अगदी मायेने म्हणाले.

मी दहा दिवस लिहून दिलं नाही. पेन्शन डोळ्यांसमोर नाचत होतं. नवरा म्हणाला, "आधी आपलं बघ." दहा दिवस मी मावशीकडे जेवायलाही गेले नाही, दादरला उभ्याने वडापाव खाल्ला. अकराव्या दिवशी लिहून दिलं: सदर जागा राहती असून माझ्या पाहणीत चूक झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि तेवढं एकच चांगलं काम केलं.

काय झालं त्याचं? काही नाही. चौकशीसुद्धा लागली नाही! साहेबांनी फाइल वर पाठवली, वरून 'अभिप्रायासाठी' परत आली, आणि त्याच लोखंडी कपाटात गेली, टॉवरच्या फाइलीशेजारी. मी एकदा कपाट उघडून दोन्ही बघून आले. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. थांबलेली फाइल टॉवरला पोसते, तिथे कर बसतच नाही. मावशीची थांबली की मावशीला खाते, कारण तिचं बिल थांबत नाही, त्यावर दर महिन्याला दंड चढतो. कपाट एकच, धूळ एकच. मी माझी एक बांगडी मोडून मावशीच्या नावाने हप्ता भरला, तर तो सगळा दंडात वळता झाला आणि मूळ रक्कम होती तशीच राहिली. सोसायटीने हात वर केले. बिल तिच्या एकटीच्या नावावर होतं.

मार्च आला. मार्चमध्ये आमच्या कचेरीला अंगात येतं. कॉम्प्युटरने जप्तीची यादी काढली. टॉवर त्यात नव्हता, स्थगिती होती. पहिल्या पानावर मावशी. आणि भाग माझा, म्हणून पथकाबरोबर जायचं मी. रजा टाकली तर साहेब म्हणाले, "तुम्ही असलात तर निदान आरडाओरडा होणार नाही."

टेम्पो गल्लीत लागला, दोन कामगार, एक गार्ड, मी. सकाळची साडेनऊची वेळ. मावशी चौदा डबे ओळीने मांडून बसली होती, शेगडीवर डाळ. मला बघून म्हणाली, "इलंस? बस, चाय ठेवतंय." मग मागचे लोक बघितले. गडबडली नाही हो ती. देव्हाऱ्यातून तो कागद काढला आणि गार्डपुढे धरला. "कागद आसा माझ्याकडे. सरकारी. बघा, माप लिवलेला आसा." त्याला मराठी येत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

मी मान खाली घातली. त्या क्षणी मी मेले असते तर फार बरं झालं असतं.

शेगडी, मिक्सर, छोटा फ्रिज, दोन मोठी पातेली. पंचनाम्यात 'रिकामं पातेलं' असंच लिहायचं असतं, म्हणून डाळ ओतायला हवी होती. कामगार घुटमळला. मावशीच उठली, तिने फडक्याने पातेलं धरून डाळ बादलीत ओतली, पातेलं विसळलं, पालथं घालून निथळवलं आणि त्याच्या हातात दिलं. डबे रिकामेच राहिले. खाली सही माझी.

चाळीत कुणीही माझ्याशी बोललं नाही. आरडाओरडा झाला नाही, साहेबांचं तेवढं खरं ठरलं.

महिनाभर मावशी शेजारणींच्या स्टोव्हवर काहीबाही करत राहिली, मग माणसं दुसरीकडे जेवायला लागली. जागा कागदावर धंद्याची, वर बोजा, त्यामुळे भाड्याने घ्यायलाही कुणी तयार नाही. मावशीचा पुतण्या आला आणि तिला गावाला घेऊन गेला. निघताना तिने तो लॅमिनेट केलेला कागद पदराने पुसून माझ्या हातात दिला. मी पुन्हा सांगितलं, "मावशी, हा कराचा कागद आहे गं. याच्यामुळेच झालं सगळं." ती म्हणाली, "तुका काय्येक कळणा नाय. बिल्डर येयत तेव्हा माप दाखवूक होया. तूच मोजलंस, तूच सांभाळ."

रिटायर झाल्यावर एकदा वडाळ्याला गेले, जप्तीचा माल ठेवतात त्या गोदामात. ओळखीने आत सोडलं. ढिगाऱ्यात पातेली सापडली, दोरीने चिठ्ठी बांधलेली, अक्षर माझं. तिथल्या वॉचमनला विचारलं, लिलाव कधी? तो म्हणाला, "लिलावाच्या आधी किंमत ठरवायला माणूस लागतो. त्याची जागा रिकामी आहे." सरकारच्या तिजोरीत मावशीच्या सामानाचा एक रुपया आला नाही. त्या गोदामाचं भाडं, टेम्पोचं भाडं, त्या वॉचमनचा पगार मात्र तिजोरीतूनच जातो. आमच्या गल्लीची गटारं तशीच आहेत. टॉवरच्या हॉलमध्ये लग्नं लागतात, चाळीच्या मागच्या भिंतीवरून बँड ऐकू येतो. नवे साहेब येतात, पहिल्या दिवशी काहीतरी बोलतात. कचेरीतली नवीन मुलं ऐकून भारावतात म्हणे.

मावशीचा फोन दर गणपतीला येतो. आता ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलते. या वर्षी पण पहिला प्रश्न तोच. "बिल्डर इलो काय गो?"

"येतोय," मी म्हटलं.

"कागद आसा मा?"

"आहे गं. नवाकोरा आहे."

मग ती म्हणाली, इथे घरात गाऱ्हाणं घालायला माणसंच नाहीत, पुतण्या शेतात, सून माहेरी. आपण दोघीच घालू. आणि तिने सुरू केलं, त्या चिरक्या आवाजात, थांबत थांबत. "बा देवा म्हाराजा... माझ्या चेडवान जागा मोजल्यान... ती जागा माका गावांदे... आणि ह्या चेडवाचा बरा होवांदे..."

आणि थांबली. फोनवर नुसता तिचा श्वास येत होता. 'व्हय' म्हणायला दुसरं कुणीच नव्हतं.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."